ओली भिंत, पांढरं कापड

आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या भिंतीला जरा टेकलं की पाठीवर शिक्का बसायचा. ओल, चुना आणि रंगाचे पोपडे यांचा मिळून एक करडा डाग. एका रविवारी मी तो डाग पाठीवर घेऊन चर्चमध्ये गेलो आणि नेमका पुढच्या बाकावर बसलो. उपासना संपेपर्यंत मागच्या सगळ्यांनी माझी पाठ वाचून काढली. बाहेर पडताना एकानं विचारलंच, भिंतीशी कुस्ती खेळून आलात का म्हणून. मी हसलो. बायको हसली नाही.

ती भिंत तिच्या खोलीची होती, म्हणून हसली नाही.

मी नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झालो तरी हात शिवशिवतात, त्यामुळे घरातले नळ गळण्याआधीच मी दुरुस्त करतो, असं बायको म्हणते. नगरमधली आमची बिल्डिंग तीन मजली, काळ्या मातीवर बांधलेली. खाली अर्धं जमिनीत आणि अर्धं वर असं तळघर आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं मोडक्या सायकली, गंजलेले कूलर आणि कुणाचा तरी पाळणा पडलेला होता. बायकोनं सोसायटीकडून ते मागून घेतलं, झाडलं, चुना दिला, शिलाई मशिनं मांडली आणि कामाला लागली. आता त्याला बिल्डिंगमध्ये कुणी तळघर म्हणत नाही. सगळे ‘खालची खोली’च म्हणतात.

तिचा हात पांढऱ्या कापडावर बसलेला. आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते नाहीतर पांढरा गाउन घालते, आणि कोपरगावपासून पाथर्डीपर्यंतच्या मुली लग्न ठरलं की आधी हिला फोन करायच्या. पांढऱ्या कामाचे तिचे नियम कडक होते. साबणानं हात धुतल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही. खोलीत चहा आणायचा नाही. तेल लावलेल्या डोक्यानं वाकून बघायचं नाही. या शेवटच्या नियमामुळे मी बराचसा दारातच उभा असायचो.

पण ओलीला नियम सांगणार कोण? आधी ती भिंतीच्या पायाशी होती, मग हळूहळू वर चढली. एका वर्षी कोपरगावच्या एका नर्स मुलीचा गाउन शिवून तयार होता. त्याला कव्हर घालून खोलीत टांगला होता. लग्नाच्या तोंडावर कव्हर काढलं, तर खालच्या घेरावर बुरशीचे बारीक काळे ठिपके. बायकोनं लिंबू लावलं, साबण लावला, उन्हात धरला. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. शेवटी तिनं घेराला भोवतीनं लेस लावली आणि गाउन पाठवला. लग्न छान झालं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मुलीनं पेढे पाठवले. बायकोनं ते पेढे खाल्ले नाहीत.

त्यानंतर तिनं पांढरं काम बंद केलं. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे, काय येईल ते शिवायची, पण पांढरं म्हटलं की नाही. पुढे एका वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच नर्स मुलीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, वर्षअखेरचं, नाताळानंतरचं. तिनं हौसेनं फोन केला, गाउन तुम्हीच शिवायचा म्हणून. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बायको अगदी गोड आवाजात म्हणाली, माझे डोळे आता पांढऱ्या कापडावर ठरत नाहीत गं. तिचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवते. चहा गाळता गाळता मला त्या भिंतीचा असा राग आला की मी अर्धा चहा ओट्यावर सांडला.

मग मी भिंतीच्या मागेच लागलो. फिटरला एक खोड असते, गळतंय म्हणजे बंद करता येतंय, असं त्याला वाटतं. मी जुना चुना खरवडला, दुकानदारानं दिलेली पावडर सिमेंटमध्ये कालवून जाड प्लास्टर केलं आणि त्यावर ऑइल पेंट मारला. महिनाभर भिंत नव्या भांड्यासारखी चमकली. मग पेंटला फोड आले आणि ओल माझ्या प्लास्टरच्या वरच्या कडेनं बाहेर पडली, आधीपेक्षा वीतभर वर. म्हणजे मी तिला जिना बांधून दिला होता. बायकोनं कापडाचं कपाट आणखी पुढं ओढलं.

आता बाहेरची बाजू सांगतो. त्या भिंतीला बाहेरून लागून, बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, जमिनीवर काँक्रीटची पट्टी आहे. तिथं सगळ्या बिऱ्हाडांचे निळे ड्रम भिंतीला टेकून रांगेनं मांडलेले असत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि येतं तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत चढत नाही. म्हणून खाली ड्रम भरायचे आणि मग मोटर लावून किंवा कळशीनं वर न्यायचं. भरलेल्या ड्रमांच्या वजनानं आणि खालच्या काळ्या मातीच्या लहरीपणानं ती पट्टी दरवर्षी खचायची. दिवाळी आली की सोसायटी मिस्त्री बोलावून तिच्यावर सिमेंटचा नवा थर टाकायची. थर नवा दिसायचा, सगळे समाधानी व्हायचे, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तोही खाली बसायचा. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. त्या फटीत मुलांचे चेंडू अडकायचे, एवढंच तिचं आम्हाला कौतुक.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष नोकरीभर कालव्यावर होते. पाण्याचा विषय निघाला की त्यांना वेगळाच हुरूप येतो. माणूस सरळ आहे, पण एकदा मत झालं की त्याला पाया घालून वर मजले चढवतो. त्यांचं मत पडलं की खाली झरा आहे. उन्हाळ्यातसुद्धा भिंत ओली राहते म्हणजे दुसरं काय असणार? आम्हालाही ते पटलं. नगरच्या माणसाला पायाखाली पाणी आहे असं सांगितलं की तो पुढचं काही विचारत नाही.

अध्यक्षांनी पाणाड्या आणला. बोअर घ्यायच्या आधी पाणी दाखवायला आणतात, तसा. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून मागच्या अंगणात फिरला. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी. ड्रमांच्या रांगेपाशी आला आणि नारळ ताडकन उभा राहिला. वरून टाळ्या पडल्या. पाणाड्या म्हणाला, भरपूर आहे, आणि फार खोलही नाही.

ज्या ओलीला आम्ही इतकी वर्षं शिव्या घालत होतो, तिचं त्या क्षणापासून कौतुक सुरू झालं. बोअर घ्यायची, आता टँकर नको की नळाची वाट बघणं नको. प्रश्न एवढाच की मशीन आत कुठून न्यायचं. मागच्या बोळात बोअरची गाडी शिरत नव्हती. मग अध्यक्षांनी तोडगा काढला. तळघर रिकामं करून पुढच्या बाजूनं आत मुरुमाचा उतार भरायचा, त्यावरून हातानं ढकलायचं बुटकं मशीन आत घ्यायचं आणि तिथंच बोअर मारायची. ओलीची कटकटही संपेल आणि पाणीही मिळेल. उन्हाळा संपायच्या आत हे उरकायचं असं ठरत आलं. त्यांनी बायकोला अगदी आदरानं सांगितलं, वहिनी, तुम्हाला तरी त्या ओलीत किती दिवस बसवायचं?

तिनं मान डोलावली. खाली जाऊन मशिनांवर चादरी घातल्या. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक मशीन कसंबसं मावलं असतं. बाकीची मशिनं, कापण्याचं टेबल, शिवण शिकायला येणाऱ्या पोरी, हे सगळं कुठं जाणार, ते तिनं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्या दिवसांत मला धड झोप लागायची नाही.

अशात शहराची मोठी पाइपलाइन फुटली. नळ कोरडे पडले. पाणी यायची एक पाळी गेली, दुसरी गेली. ड्रम तळाला गेले. लोक भांडी राखेनं घासायला लागले, आंघोळी तांब्यावर आल्या. माझी दाढी वाढली. सगळी बिल्डिंग चिडचिडी झाली होती आणि बायको मात्र रोज खालून वर येताना काहीतरी विचार करत यायची. एकदा तिनं मला हाताला धरून खाली नेलं. भिंत कोरडी होत होती. वरचा पट्टा पांढुरका पडला होता आणि पायथ्याशी हात लावला तर फक्त गार लागत होतं.

मला वाटलं, झरा आटला असेल. तसं बोललोही. ती म्हणाली, आटू दे, पण जरा थांबून बघू.

पाणी आलं ते एका सकाळी, आणि आलं ते गढूळ. पाइप नवा जोडलेला, त्यामुळे सुरुवातीचं पाणी चहासारखं. सगळ्यांनी ते भराभर ओतून दिलं. मग ड्रम आडवे करून घासले, विसळले, पायऱ्या धुतल्या. इतक्या दिवसांची कसर भरून काढली. बोळात नुसता सण होता. आमची पाण्याची तहान मोठी, पण शिळं पाणी ठेवायचं नाही हे त्याहून मोठं. नळाला पाणी आलं की आधी ड्रममधलं जुनं ओतायचं आणि मगच नवं भरायचं, हे प्रत्येक घरात चालतं. दुष्काळात वाढलेली माणसं आम्ही, थेंब थेंब जपणारी, पण काल भरलेलं पाणी आज आम्हाला शिळं वाटतं. आणि ओतायचं कुठं? ड्रमपाशीच. ते पाणी क्षणात दिसेनासं व्हायचं. उतार काय झकास दिलाय, असं म्हणून आम्ही मिस्त्रीची स्तुती करायचो.

दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा भिजली होती. बायको समोर स्टुलावर बसून राहिली होती. मी गेलो तेव्हा तिनं वर न बघताच सांगितलं,

“झरा बिरा काही नाही. आपणच ओततोय. सगळ्यांत जास्त मी.”

ते खरं होतं. बिल्डिंगमध्ये पहिली उठून ड्रम रिकामा करणारी तीच. पांढऱ्या कापडाच्या माणसाला स्वच्छतेचं वेड असतंच. मी म्हणालो, चल, अध्यक्षांना सांगू. ती म्हणाली, सांगून पटेल असं वाटतं का तुम्हाला? नारळ उभा राहिलाय.

तिच्याकडे नीळ असते. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात द्यायची, तीच. पुढच्या पाळीला तिनं बादलीभर पाण्यात नीळ कालवली, चांगली शाईसारखी दाट. अध्यक्षांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर ती बादली ड्रमांच्या मागं फटीपाशी ओतली. पाणी नेहमीप्रमाणे गडप झालं. मग तिनं त्यांना खालच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि चहा दिला. त्या खोलीत चहा दिलेला मी तो पहिल्यांदाच पाहिला.

फार वेळ लागला नाही. आधी दगडांच्या सांध्यात एक निळी रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी. माझ्या प्लास्टरच्या वरच्या कडेनं निळे थेंब जमले आणि ऑइल पेंटवरून घरंगळत खाली आले. अध्यक्षांचा कप हातातच राहिला. मग ते म्हणाले,

“म्हणजे झरा आपल्या घरचाच.”

त्या माणसाबद्दल माझं मत तिथून बदललं. मत मोडलेलं कळल्यावर दुसरा कुणी असता तर पाणाड्याला नाहीतर मिस्त्रीला धरून बसला असता. हे वर गेले, सगळ्यांना एकेक करून खाली आणून निळी भिंत दाखवली, आणि बोअरचा विषय स्वतःच मिटवला. त्यांच्या बायकोनं तेवढं सांगितलं की काहीही झालं तरी शिळं पाणी भरून ठेवणार नाही. ते आम्हा सर्वांनाच मान्य होतं.

तिसगावकडचा मिस्त्री आला. दरवर्षीचे थर त्यानंच टाकलेले. या वेळी थर टाकायचा नाही, सगळे काढायचे, असं सांगितल्यावर तो आधी खट्टू झाला. पट्टी फोडायला लागला तसे एकाखाली एक थर निघत गेले, टोपलीतल्या भाकऱ्यांसारखे. ह्यो मागल्या दिवाळीचा, ह्यो त्याच्या आदीचा, असं तो ओळख करून देत होता. सगळ्यांत खालचा थर उचलला आणि सगळे वाकून बघायला लागले. खाली पोकळी होती. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो चिखलानं माखून.

“लई वरीस नुसतं झाकत हुतो आपुन,” मिस्त्री म्हणाला. “आता खालनं भरू.”

चिखल उपसला. खड्डा ऊन खात उघडा ठेवला. मग मुरूम आणला, थोडा टाकायचा, धुमसून घट्ट बसवायचा, पुन्हा थोडा टाकायचा. अध्यक्षांना कालव्यावरच्या भरावाची सवय, ते टोपी घालून दिवसभर उभे राहिले आणि धुमसणाऱ्यांना नको इतक्या सूचना दिल्या. त्यावर काँक्रीट टाकलं ते भिंतीकडून बाहेर उतरतं, आणि भिंतीलगतच्या फटीत डांबर ओतलं. मी आपल्या परीनं लोखंडी घडवंच्या जोडून दिल्या. ड्रम आता भिंतीपासून दूर, कंपाउंडच्या कडेला त्या घडवंच्यांवर बसले, आणि प्रत्येकाच्या तळाशी मी एक तोटी बसवली. जुनं पाणी ओतायचं नाही, तोटी सोडायची. खालून पन्हाळ जाते ती रस्त्याकडेच्या कडुनिंबाला आणि अध्यक्षांनी हौसेनं लावलेल्या शेवग्याला.

आत खोलीत मी माझं प्लास्टर माझ्याच हातानं फोडलं. जितकं मन लावून केलं होतं तितक्याच मनानं फोडलं. दगड उघडा पडला. मे महिनाभर खिडक्या उघड्या, पंखा चालू. मग त्यावर नुसता चुना. बायको वर घरात एका मशिनवर गणवेश शिवत होती आणि खाली काय चाललंय ते विचारत नव्हती. मला तिचा स्वभाव माहीत आहे. ज्याची फार आशा वाटते त्याच्याकडे ती बघत नाही.

पावसाळ्यात मशिनं खाली गेली. नगरचा पाऊस तसा हात आखडून पडतो, पण त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला लागून राहिला तो थांबेचना. बोळातून पाणी वाहत होतं. मी रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन भिंतीला हात लावायचो, वरपासून खालपर्यंत, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. कोरडी लागायची. वर येऊन मी सांगायचो, कोरडी आहे. बायको बरं म्हणायची आणि पोळी लाटत राहायची. माझ्या हातावर तिचा विश्वास नव्हता. माझं प्लास्टरही याच हाताला चांगलं वाटलं होतं ना.

पाऊस उघडल्यानंतरचा रविवार. मी चर्चला जायला तयार होऊन दारात उभा होतो, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. बायको म्हणाली, खाली या जरा. मला वाटलं काही जड उचलायचंय. खोलीत गेलो तर तिनं मशीन बाजूला सरकवून भिंतीपाशी जागा केली होती. नेमकी तीच जागा, जिथं पूर्वी गाउन टांगला होता. मला म्हणाली, इथं पाठ लावून उभे राहा. मी म्हणालो, उपासनेला उशीर होईल. ती म्हणाली, होऊ दे.

मी पाठ लावून उभा राहिलो. डोकं, खांदे, कंबर, सगळं भिंतीला टेकवलं. ती समोर स्टुलावर बसली. वरून तोटीचं पाणी पन्हाळीतून जाण्याचा बारीक आवाज येत होता, त्या दिवशी नळाची पाळी होती. किती वेळ गेला कोण जाणे. मला एकदा शिंक आली, तरी तिनं हलू दिलं नाही. मग म्हणाली, वळा.

मी वळलो. माझं तोंड भिंतीकडे, त्यामुळे ती काय करतेय ते दिसत नव्हतं. तिचा हात आधी खांद्यावर आला, मग मधोमध, मग कमरेपाशी. बोटांनी ती शर्ट चाचपत होती, पांढरं कापड हातात घेतल्यावर चाचपते तसाच. चुन्याची बारीक पूड होती, ती तिनं झटकली. मी विचारलं, काय आहे? हात तसाच पाठीवर राहिला. तिला रडू येतंय हे मला त्या हातावरूनच कळलं, आणि मलाही आलं, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो ते बरंच झालं.

मग तिनं नाक पुसलं आणि साबणानं हात धुवायला गेली. तिथूनच तिनं मला सांगितलं,

“कोपरगावला फोन लावा. त्या धाकटीला म्हणावं, कापड घेऊन ये.”